ब्रदर केडला दिसलेला टब

ब्रदर केडनं डोळे मिटले, तशी गिटार हळू झाली आणि चर्चच्या व्यायामशाळेतली पोरं चिडीचूप झाली. थोड्या वेळापूर्वी हीच पोरं बास्केटबॉलच्या जाळीखाली एकमेकांना चेंडूनं बडवत होती, पिझ्झ्याच्या शेवटच्या तुकड्यावरून हमरीतुमरीवर येत होती. आता सगळ्यांचे हात वर होते आणि मंचावरच्या यंत्रातून निघणारा पांढरा धूर पहिल्या रांगेच्या नाकातोंडात जात होता.

"मला पाणी दिसतंय," ब्रदर केड म्हणाला. चर्चमधला पोरांचा हा प्रवचनकार म्हणजे तिशीचा गडी, फाटकी जीन्स, दंडावर क्रूस गोंदवलेला. "पाणी... पांढरं काहीतरी... टब आहे! आंघोळीचा टब. एक मुलगी त्यात पडलीय, तिचं अंग झटके देतंय. प्रभू मला नावही देतोय... लिसा? नाही, लेसी! पोरी, तू हे जगापासून लपवलंस. त्याच्यापासून कसं लपवशील?"

तिसऱ्या रांगेत लेसी डुप्रीनं तोंडावर हात घेतला. तिच्या शेजारी बसलेल्या तिच्या मैत्रिणीनं, कोरीन मेबरीनं, मान खाली घातली.

लेसी रडत रडत पुढे गेली. ब्रदर केडनं तिच्या कपाळावर पंजा ठेवला, व्यायामशाळेचं छप्पर हलेल असा ओरडला आणि मग एकदम लाडिक आवाजात म्हणाला, "ज्याला प्रभूनं पाय दिले, तो कुबड्या घेऊन हिंडेल का रे, पोरांनो?"

"नाही!" पोरं गरजली.

औषध हा शब्द त्यानं उच्चारलासुद्धा नाही. असल्या बाबतीत ही माणसं फार जपून असतात.

ओक्लाहोमातल्या पॉटर्स बेंड गावात कोरीनचं घर चर्चला न जाणाऱ्यांपैकी. तिचा बाप रविवारी ट्रकखाली झोपून नटबोल्ट आवळत असे आणि तीच आपली उपासना असं म्हणत असे. पण बुधवारी संध्याकाळी वर्गातली एकूणएक पोरं त्या व्यायामशाळेत असायची. मागे उरायची ती कोरीन आणि तिचं कुत्रं. "देव नसला तरी पिझ्झा आहे ना, चल," म्हणत लेसीनं तिला ओढून आणलं होतं. आणि कोरीनला तिथे आवडलं होतं. नाकं मुरडायची तयारी करून आलेल्या मुलीला हे कबूल करणं जड गेलं, पण इतक्या जणांनी एकदम नावानं हाक मारून मिठी मारावी, असं तिच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं.

ब्रदर केडला टब दिसला त्या बुधवारी सभेआधी मुली नेहमीसारख्या बालवर्गाच्या बुटक्या खुर्च्यांवर गोल करून बसल्या. मिस जोनेल नावाची प्रेमळ, गोलमटोल बाई त्यांची प्रमुख. प्रत्येकीनं सांगायचं, कशासाठी प्रार्थना करू या. एकीचे आईवडील वेगळे होत होते. दुसरीची आजी शेवटच्या घटका मोजत होती. तिसरीनं जेवणच सोडलं होतं. प्रत्येकीला रुमाल मिळत होता, खांद्यावर हात मिळत होता. कोरीनची पाळी आली आणि तिच्याकडे काहीच नव्हतं. घरात सगळे धडधाकट.

लेसी तेव्हा मंचावर गाण्याची तालीम करत होती.

"माझ्या एका मैत्रिणीला... फिट येतात," कोरीन म्हणाली.

"नाव सांग, बाळा," मिस जोनेल म्हणाल्या. "इथलं इथेच राहतं."

कोरीननं नाव सांगितलं. रुमाल कुणी पुढे केला नाही. बाकीच्यांच्या मानानं हे दुःख लहान पडलं असावं. लेसी खरं तर स्वयंपाकघरात, अंडी तळताना पडली होती आणि कोपराला टेंगूळ येऊन भागलं होतं. अंडी सांगून कोण रडणार? "टबात पडली," कोरीननं ठोकून दिलं. "बुडताबुडता वाचली." मग मात्र सगळ्या रडल्या, तिला मिठ्या पडल्या आणि तिला फार बरं वाटलं. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या बरं वाटण्याची.

म्हणून ब्रदर केडला टब दिसला, तेव्हा गावात एकाच मुलीला ठाऊक होतं की तो टब ही मुळात तिचीच थाप होती. तिनं उठून तसं म्हणायला हवं होतं. ती खुर्चीला चिकटून बसली आणि सगळ्यांबरोबर तिनं टाळ्याही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पायरीवर लेसीचा चेहरा नुसता उजळला होता.

"फिटच्या गोळ्या टाकल्या सगळ्या," ती कुजबुजली. "संडासात. सर्रकन पाणी सोडलं."

"वेडी आहेस का? डॉक्टरांना विचारलंस?"

"डॉक्टरनं पाहिला होता का गं टब?"

"अगं, पण तू टबात पडलीसच कधी? तू तर चुलीपाशी..."

"तेच तर!" लेसीनं तिचा हात घट्ट धरला. "टबात मी पुढे पडणार होते. प्रभूनं ते आधीच टाळलं!"

चूक हाच पुरावा म्हटल्यावर वाद घालायला जागाच उरत नाही.

"आणि तुझी आई?"

"तिला वाटतं मी घेतेय. पुढच्या शनिवारी गाडीची परीक्षा आहे. फॉर्मवर विचारतात, फिट येतात का? मी नाही लिहिणार. खोटं थोडंच आहे आता? लायसन्स मिळालं की धाकट्या भावंडांना मागे बसवून थेट धरणावर! तूपण चल."

गोलात हे मीच सांगितलं, असं कोरीननं तेव्हाच कबूल करायला हवं होतं. संध्याकाळी ती लेसीच्या दारापर्यंत गेली. पण लेसीची आई पहिला प्रश्न हाच विचारणार की पोरीचं दुखणं चर्चपर्यंत गेलं कसं. कोरीन अंगणातूनच माघारी फिरली. मग तिनं एक युक्ती काढली. युक्ती चांगली होती, पण तिच्या मुळाशी भित्रेपणा होता: लबाड पकडला जावा आणि आपण मात्र सुटावं.

पुढच्या बुधवारी बाकीच्या मुली यायच्या आधीच ती त्याच बुटक्या खुर्चीवर जाऊन बसली आणि डोळे पुसत मिस जोनेलना म्हणाली, "माझ्या धाकट्या भावासाठी प्रार्थना करा. एव्हरेट. फटाका कानाशी फुटला, डाव्या कानानं ऐकूच येत नाही."

"अरे देवा! लेकरू गं माझं!" मिस जोनेलच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. कोरीनला त्यांच्याकडे पाहवेना.

सभा रंगात आली. धूर सुटला, गिटार हळू झाली.

"मला आवाज ऐकू येतोय," ब्रदर केड म्हणाला. "धडाम! फटाका! आणि मग शांतता. एका कानात शांतता. डाव्या! नाव... एव्हरेट! एव्हरेटचं कुणी आहे का इथे?"

कोरीन उठली. मंचावर जाऊन तिनं माईक हातात घेतला.

"एव्हरेट माझा भाऊ," ती म्हणाली. "पण मला भाऊ नाही. मी एकटीच आहे. गावात कुणालाही विचारा."

ब्रदर केड मात्र मुरलेला गडी. तो हसला. "भगिनी, प्रभू फक्त रक्ताचे भाऊ पाहत नाही! इथे कुणाचा तरी डावा कान दुखतोय. आहे की नाही?"

मागच्या रांगेतून एका पोरानं भीत भीत हात वर केला. "माझा जरा वाजतो."

"हालेलुया!" टाळ्यांचा कडकडाट झाला. लेसी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती.

कोरीनला कळून चुकलं की आता फुकटात सुटका नाही. शनिवार तीन दिवसांवर होता.

"लेसी, तो टबसुद्धा माझा आहे," ती माईकमध्ये म्हणाली. "तू अंडी तळताना पडलीस. ते घराबाहेर फक्त मला माहीत होतं. मी तिथे गोलात सांगितलं, आणि सगळ्यांनी माझ्यासाठी रडावं म्हणून टब माझ्या पदरचा घातला. ब्रदर केडला माझी थाप दिसली. दुसरं काही दिसलं नाही."

टाळ्या थांबल्या. भिंतीशी उभ्या मिस जोनेलचा चेहरा पांढराफटक पडला.

"पण ब्रदर," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी तर तुम्हाला प्रार्थनेसाठी कळवलं होतं. तुम्हीच म्हणालात, मुलींच्या विनंत्या गाणी चालू असताना फोनवर पाठवा, म्हणजे मी आत बसून नावानं प्रार्थना करीन. मी दर बुधवारी पाठवते. मला वाटलं, तुम्ही प्रार्थना करता."

चमत्कार तो एवढाच. ब्रदर केडनं 'सैतान आपल्यात फूट पाडतोय' म्हणून पाहिलं, पण या वेळी आमेन म्हणायला कुणी पुढे आलं नाही.

लेसी बाहेर गाड्यांपाशी आईची वाट पाहत उभी होती. कोरीन तिच्यापासून थोड्या अंतरावर थांबली.

"ते मी फक्त तुला सांगितलं होतं," लेसी म्हणाली.

"हो."

"शाळेत आता सगळ्यांना कळलं."

"हो. लेसी, गोळ्या..."

"घेईन. मूर्ख नाही मी." तिनं रस्त्याकडे तोंड फिरवलं. "मी खरंच बरी झाले होते गं. आठवडाभर तरी."

आईची गाडी आली. लेसी शेजारच्या सीटवर बसली, आईला काहीतरी म्हणाली आणि आईनं गाडी घराऐवजी औषधांच्या दुकानाकडे वळवली. कोरीनकडे दोघींपैकी कुणी पाहिलं नाही.

वाचकहो, देव मानायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण कुणी तुमच्या मनातलं ओळखलं तर गुडघे टेकण्याआधी एवढं विचारा, की हे मी कुणाला सांगितलं होतं? आणि गोळी बंद करायची ती डॉक्टरला विचारून, गिटारच्या तालावर नव्हे. दुसऱ्याचं गुपित प्रार्थनेसाठीसुद्धा वाटायचं नसतं, हेही ध्यानात ठेवा. भोंदूला डोळे मिटून दिसतं ते सगळं त्याला कुणीतरी उघड्या डोळ्यांनी पुरवलेलं असतं, आणि पुष्कळदा ते पुरवणारं माणूस तुम्हाला जीव लावणारं असतं.