कोरा सोडलेला चौकोन

समज, तुझ्या हातात एक लाकडी पट्टी आहे. समोर भलामोठा तक्ता पसरला आहे, आणि ती पट्टी तुला एकेका ओळीखाली धरायची आहे, म्हणजे तुझ्या आईची नजर वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर घसरणार नाही. पट्टी जरा हलली, तर एखादा जिवंत माणूस भलत्याच रकान्यात जाऊन बसेल. एवढं जोखमीचं काम दहा वर्षांच्या अमोरेकडे होतं, आणि ती ते ओठ घट्ट मिटून करत होती.

"ओळ अकरा," ती म्हणाली. "पॅकिंग लाइन, बायका. आफ्रिकी बेचाळीस, कलर्ड एकशे सहा, भारतीय शून्य, गोऱ्या दोन."

"परदेशी?"

"तीन."

योलांडाने आकडे संगणकात घातले. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ, एल्गिनच्या खोऱ्यातल्या या सफरचंदांच्या शेडमध्ये ती एकोणीस वर्षं कर्मचाऱ्यांची कागदपत्रं सांभाळत होती, आणि दर जानेवारीत हा तक्ता श्रम खात्याकडे धाडत होती. पंधरा तारीख शेवटची. आज बारा तारीख होती. शाळा अजून उघडली नव्हती. समोरच्या टेकाडावरच्या घरी योलांडाचे वडील होते, पण अमोरेच्या प्रश्नांपुढे तिचे हे म्हातारे आजोबा, तिचे ओपा, दुपारपर्यंत हात टेकत. म्हणून पोर आईबरोबर कामावर आली होती.

"मम्मी, आपण कलर्ड ना? मिश्र वंशाचे?"

"हो."

"मग माणसं नुसती मोजायची ना. कोण कुठलं ते कशाला मोजायचं?"

योलांडाने खुर्ची तिच्याकडे वळवली. हा प्रश्न तिला आवडला. "पूर्वी चांगल्या जागा ठराविक लोकांनाच मिळायच्या. बाकीच्यांना दारातूनच परत पाठवायचे. आता सरकार विचारतं, तुमच्याकडे साहेब कोण आहे, मुकादम कोण आहे, झाडू कोण मारतं? मोजलंच नाही तर कळणार कसं?"

"म्हणजे पूर्वी हे रकाने लोकांना बाहेर ठेवायला होते."

"हो. आणि आता आत घ्यायला आहेत."

"रकाने तेच?"

"तेच," योलांडा म्हणाली आणि पुन्हा संगणकाकडे वळली.

पाच अर्ज बाकी होते. पाचही जणांनी नाव, जन्मतारीख, सही असं सगळं भरलं होतं, फक्त वंशाचे चौकोन कोरे सोडले होते. अशा अर्जांसाठी योलांडाची एक रीत होती. ती गेटवरच्या ओळखपत्रांचे फोटो काढायची, एकदा बघायची आणि पेन्सिलीने फुली मारून मोकळी व्हायची. एकोणीस वर्षांत कुणी येऊन तक्रार केली नव्हती.

"मी ओळखू?" अमोरेने विचारलं.

फोटो टेबलावर मांडले गेले. अमोरे एकेकावर बोट ठेवून सांगत गेली, आफ्रिकी, कलर्ड, कलर्ड, आफ्रिकी, आणि योलांडा फुल्या मारत गेली. तेवढ्यात माल रवाना करणारा ब्रॅडली चलनांवर शिक्का घ्यायला दारात आला.

"काय गं साहेबीण, मला कुठल्या रकान्यात घातलंस? देखण्या माणसांचा रकाना आहे का?"

"नाही, ब्रॅडली काका. पण परदेशींमध्ये एक जागा आहे. घालू?"

"बघ, बघ! आईवर गेलीय अगदी!" ब्रॅडली हसत निघून गेला.

पाचवा फोटो उरला. फेलिस्वा न्टोयी, हंगामी कामगार. अमोरेने तो उचलला आणि आईच्या गळ्यात लटकणाऱ्या ओळखपत्राशेजारी धरला. मग जरा लांब धरून पाहिला.

"मम्मी, हिची हनुवटी तुझ्यासारखी आहे. मधे खळी."

"खळी कुणालाही असते. दे तो अर्ज. आफ्रिकी."

पण अमोरे देईना. ती अर्जाच्या डोक्यावरचा बारीक मजकूर वाचत होती. छापलेलं काहीही असो, नीट वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे तिला आईनेच शिकवलं होतं. "'हा अर्ज कर्मचाऱ्याने स्वतः भरायचा आहे.' मम्मी, मग हे आपण कसं भरतोय?"

योलांडाने पेन्सिल खाली ठेवली. सबबी तीन-चार होत्या. पण ती दहा वर्षांची पोर अर्ज हातात धरून उत्तराची वाट बघत होती, आणि तिच्यासमोर त्यांतली एकही सबब तोंडातून बाहेर पडेना. तिने चारही फुल्या खोडल्या आणि भोंग्यावरून पाच नावं पुकारली.

पहिले चौघे एकामागून एक खिडकीशी आले. फोटोवरून ज्याला आफ्रिकी ठरवलं होतं, त्या फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या माणसाने कलर्डवर फुली मारली, आणि जिला कलर्ड ठरवलं होतं, तिने आफ्रिकीवर. "इतकी वर्षं कुठे घालत होता हो मला?" ती बाई हसून म्हणाली. योलांडाही हसली, पण तिचे कान तापले. मागच्या वर्षीचे तक्ते कपाटात होते, त्याच्या आधीचेही होते, आणि प्रत्येकाखाली 'वरील माहिती खरी आहे' असं लिहून तिची सही होती.

फेलिस्वा सगळ्यांत शेवटी आली. डोक्याला जाळी, अंगावर ओला एप्रन, पायात रबरी बूट. वय तिशीच्या आत. ती आधी खोसा भाषेत काहीतरी बोलली. योलांडाने आफ्रिकान्समध्ये उत्तर दिलं, तेव्हा तीही मोडक्यातोडक्या आफ्रिकान्सवर आली.

"हा चौकोन राहिलाय तुमचा," योलांडा म्हणाली. "कुठेतरी एक फुली मारा."

"राहिला नाही, सिसी," फेलिस्वा तिला ताई म्हणत बोलली. "मुद्दाम सोडला. लाइनवरच्या जुन्या बायका म्हणाल्या, यंदा तपासणी आहे, कोरा सोडलास तर बोलावतीलही. नाहीतर हंगामी बाईला या खिडकीपर्यंत कोण येऊ देतंय?"

"काही तक्रार आहे का?"

"छे हो. मी एक माणूस शोधतेय." तिने एप्रनला हात पुसले. "कॅन्टीनच्या भिंतीवर फोटो आहेत ना, पंचवीस वर्षं काम केलेल्यांचे. त्यात एक सॉली यांकीस आहेत. ते तुमचे वडील, असं कळलं."

"बरं, मग?"

"माझ्या आजीला एक भाऊ होता. झोलीले. दोघं कोफिम्वाबाहून इथे सफरचंदांच्या कामाला आली. तेव्हा इकडे काम आधी कलर्ड लोकांना द्यायचे. आमच्या माणसाला पास लागायचा, आणि पास संपला की गाडीत घालून परत धाडायचे. भाऊ थोडा उजळ होता, भाषाही त्याने पटकन उचलली. कुणाच्या तरी ओळखीने त्याने कलर्ड असल्याचा कागद केला, नाव बदललं, आणि तो राहिला. आजीला मात्र पाठवून दिलं."

योलांडाने खिडकीच्या कडेवरचे अर्ज उचलले, ठोकून सारखे केले आणि परत ठेवले. "अशा गोष्टी या खोऱ्यात खूप झाल्या."

"झाल्या, सिसी. पण आमची आजी एकदा त्याला शोधत आली होती, चौऱ्याऐंशी साली. घर सापडलं तिला. फाटकात एक लहान मुलगी उभी होती. ती म्हणाली, असं कुणी इथे राहत नाही." फेलिस्वा हसली. त्या हसण्यात टोमणा नव्हता, आणि योलांडाला तेच सोसवेना. "पण पाणी दिलं हो तिनं! घरातल्या चांगल्या कपातून. आजी अजून सांगते, पोर गुणी होती, बोलताना आवाज कापत होता बिचारीचा."

शेडच्या आत सफरचंदं वाहणारे पट्टे घरघरत होते. योलांडाला तो कप दिसला. निळ्या काठाचा. पडद्यामागे बाबा उभे होते. त्यांनी सांगितलं होतं तेवढंच ती बोलली होती. पण ती बाई उतारावरून दिसेनाशी झाल्यावर तिने तो कप बाहेरच्या नळावर नेला आणि मातीने दोनदा घासला. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते तिचं तिनेच केलं होतं.

"आजी आता अंथरुणातून उठत नाही," फेलिस्वा सांगत होती. "तिला काही नको, सिसी. घरदार नको, पैसा नको. एकदा भावाचा आवाज ऐकायचाय. मी फोन लावून देईन, दोन मिनिटं. ती म्हणते, त्याने नुसतं खोकून दाखवलं तरी मी ओळखीन."

योलांडाच्या मागे अमोरे पट्टी हातात धरून उभी होती. योलांडाला ते माहीत होतं. हे सगळं पोरीपासून लपवण्याएवढी आपली पाठ रुंद नाही, हेही तिला माहीत होतं. घरी बाबा चर्चच्या पुढच्या बाकावर बसणारे, सगळ्या गल्लीने 'ओम सॉली', सॉली काका, म्हणून वाकून नमस्कार करायचा असे. सत्त्याहत्तर वर्षांच्या त्या माणसापुढे जाऊन काय सांगायचं? आणि कपाटातल्या तिच्या स्वतःच्या अर्जावर एकोणीस वर्षांपूर्वी कलर्डच्या चौकोनात मारलेली फुली होती, स्वतःच्या हाताने, शाईने.

"तुमची काहीतरी चूक होतेय," ती म्हणाली. "आमचे लोक गेनाडेंडालचे, कलर्ड. पहिल्यापासून."

आवाज कापला. तिला तो ऐकू आला.

फेलिस्वाने क्षणभर तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग हनुवटीकडे, मग खाली अर्जाकडे. तिने दोरीला बांधलेलं पेन उचलून आफ्रिकीच्या चौकोनात एक नीटस फुली मारली.

"बरं, सिसी. तुमचा वेळ घेतला," ती म्हणाली आणि गेली. चार शब्द सुनावून गेली असती तरी योलांडाला बरं वाटलं असतं.

"ओळ चौदा," योलांडा म्हणाली. "हंगामी, बायका. पट्टी धर."

अमोरेने पट्टी धरली. "आफ्रिकी एकसष्ट."

योलांडाने सोळा लिहिलं. खोडलं. पुन्हा सोळा लिहिलं.

"मम्मी, ओपा गेनाडेंडालला कधी गेलेत?"

"पुढची ओळ वाच."

"आपल्याला का नाही नेत कधी? तिथं आपलं कोण आहे?"

"अमोरे, ओळ."

अमोरेने पट्टी एक ओळ खाली सरकवली आणि ती काटेकोर सरळ केली. मग पट्टीवरची नजर न उचलता तिने हळूच विचारलं, "फाटकातली ती मुलगी केवढी होती?"

"तुझ्याएवढी," योलांडा म्हणाली.

बोलून गेल्यावर तिची बोटं कळफलकावरच थिजली. तिने मागे वळून पाहिलं नाही. वळून पाहिलं असतं तर पोरीच्या डोळ्यांत काय दिसलं असतं, याची तिला भीती वाटली. बाबांच्या पडद्यामागच्या चेहऱ्याकडे तिने तेव्हा पाहिलं होतं, आणि ते ती आजवर विसरली नव्हती.

चहाच्या सुट्टीचा भोंगा झाला. पट्टे थांबले. अंगणात बायकांचे आवाज पसरले, डबे उघडल्याचे, कुणाच्या तरी नवऱ्याची थट्टा केल्याचे. मागे खुर्ची सरकली. पट्टी टेबलावर अलगद ठेवल्याचा आवाज आला, दाराची कडी वाजली, आणि थोड्या वेळाने खिडकीच्या काचेतून योलांडाला आपली मुलगी दिसली. ती रिकाम्या खोक्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत निलगिरीखालच्या बाकाकडे निघाली होती. तिथे फेलिस्वा एकटीच पाव खात बसली होती.

योलांडा उठून काचेशी गेली. तिने हात उचलला, बोटं दुमडली. काचेवर एक टकटक पुरली असती. अमोरे लगेच मागे वळली असती. ऐकणारी पोर होती ती, तिच्या आईसारखीच.

दुमडलेली बोटं काचेला टेकली आणि तशीच राहिली.

बाकाजवळ अमोरे काहीतरी बोलली. काय ते काचेआड ऐकू आलं नाही. फेलिस्वाने हातातला पाव मांडीवर ठेवला आणि ती सावकाश उभी राहिली. मग अमोरे शेडकडे पाठ करून वळली, समोरच्या टेकाडावरच्या घरांच्या रांगेकडे तिने हात लांब केला, आणि तिचं बोट एकेका दारावरून पुढे सरकू लागलं, पहिलं, दुसरं, तिसरं, आणि सातव्यावर येऊन थांबलं.