आवळलेली झडप

मित्रांनो, मी ट्रकच्या तोंडाशी बसणारा, बर्फ लोटणारा एक जुना नांगर आहे. कोलकात्यात बर्फ कधी पडत नाही, तरी माझा जन्म इथलाच, हावड्याच्या एका लहान कारखान्यातला. मी मनात राग धरून बोलतो आहे, हे आधीच सांगतो.

मला घडवले देवयानीताईंनी. या मराठी इंजिनिअर बाई बालीगंजमध्येच लहानाच्या मोठ्या झाल्या. माझे अंग कसे चालते, ते त्या कारागिरांना बंगालीत समजावून सांगत. चालक केबिनमधले बटण दाबतो. बॅटरीतली वीज जाड तारेतून मोटरीला मिळते, आणि मोटर पंप फिरवते. पंप टाकीतले तेल ओढून नळ्यांत ढकलतो. दुसऱ्या बारीक तारेने एक कॉइल जागी होते आणि तेलाला हवी ती वाट उघडून देते. तेल सिलिंडरमध्ये शिरले की दांडा बाहेर सरकतो आणि माझे लोखंडी पाते वर उचलले जाते, किंवा डावी-उजवीकडे वळते. शिवाय एक छोटी झडप असते. पाते दगडावर आदळून दाब भलताच वाढला, की ती उघडते आणि जादा तेल टाकीत परत सोडते. ताई म्हणत, ही झडप नांगरासाठी नाही, नांगराजवळ उभ्या असलेल्या माणसासाठी आहे.

कारखाना अजेय चालवायचा. ताईंच्या वडिलांचा तो विद्यार्थी, म्हणून ताई त्याला अजेयदादा म्हणत. माझ्याने मात्र त्याला अहो-जाहो करवत नाही. मला सिक्कीमला पाठवायच्या दिवशी माझे पाते उचलेना. झडपेत लोखंडाचा कीस अडकला होता आणि तेल तिथूनच निसटत होते. झडप खोलून साफ करायला हवी होती. ताई कामानिमित्त शहराबाहेर, बजबज गावी गेल्या होत्या आणि ट्रक निघायला खोळंबला होता. अजेयने पाना घेतला आणि झडपेचा स्क्रू गच्च आवळून टाकला. पाते उचलले गेले. त्याने हे कोणालाच सांगितले नाही.

डोंगरात माझे फार कौतुक झाले. मी वाट मोकळी केली की अडकलेल्या गाड्या सुटत, वरच्या गावात भाजी पोचे. रस्त्यावरचा मजूर छिरिंग हातात बांबू घेऊन माझ्या बाजूने चाले आणि बर्फाखालची रस्त्याची कड चाचपून चालकाला खूण करी. काम संपले की तो माझ्या सांध्यांतला बर्फ बोटांनी काढी.

एका सकाळी माझे पाते बर्फात दडलेल्या खडकावर आदळले. दाब वाढला. त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. नळी फुटली आणि तापलेले तेल छिरिंगच्या चेहऱ्यावर उडाले. त्याचा डावा डोळा गेला.

ताईंनी कमकुवत नळी निवडली, असे सांगून अजेय मोकळा झाला. ताईंची नोकरी गेली. मला ट्रकसकट परत आणून हावड्याच्या शेडमध्ये टाकले. दमट हवा माझ्या तारांची टोके खाऊ लागली. अजेय माझ्या पात्याखालून वाकून जाई, तेव्हा वाटे, आत्ताच तेल सुटावे आणि मी याच्यावर कोसळावे. पण यंत्राला आपण होऊन काही करता येत नाही.

मग ज्या रस्ते खात्याने मला विकत घेतले होते, तिथले वसंतराव चौकशीला आले. अजेयने त्यांना नवी, जाड नळी दाखवली आणि आता सगळे ठीक आहे म्हणून सांगितले. वसंतरावांनी ताईंनाही बोलावले होते. डोळ्याच्या उपचारासाठी शहरात आलेल्या छिरिंगला ताई सोबत घेऊन आल्या.

ताई केबिनमध्ये चढल्या आणि बटणावर बोट ठेवून म्हणाल्या, "अजेयदादा, छिरिंग उभा होता ना, तिथे तुम्ही उभे राहा. मी पाते टोकाला नेऊन बटण दाबून धरते. दाब वाढेल, पण झडप ठीक असेल तर तुम्हाला काही होणार नाही."

वसंतरावांसमोर त्याला नाही म्हणता येईना. तो नळीजवळ येऊन उभा राहिला. माझी मोटर घुमू लागली, पाते वळू लागले. मित्रांनो, त्या क्षणी मला दुसरे काही नको होते. ताईंनी बोट उचलू नये, एवढेच हवे होते.

अजेय उडी मारून बाजूला झाला. "थांब, देवयानी. झडप बंद आहे."

"कोणी बंद केली?"

"मी."

ताईंनी बोट उचलले. मला ते आवडले नाही. अजेय छिरिंगपुढे हात जोडून उभा राहिला. छिरिंगने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही, नुसती मान फिरवली. ते मात्र मला फार आवडले.

आज अजेय त्या कारखान्यात नाही. ताईंनी झडप खोलून आतला कीस काढला आणि माझ्या तारांना नवी टोके बसवली. पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा डोंगरात जाईन. छिरिंग आता तिथे चालणार नाही. अजेयला मी माफ केलेले नाही, करणारही नाही.

मित्रांनो, यंत्राला वेळेवर तेल द्या, त्याच्या तारा कोरड्या ठेवा. आणि घाई झाली म्हणून त्याचा श्वास कोंडू नका. कारण कोंडलेले यंत्र सूड घेते, पण श्वास कोंडणाऱ्यावर नाही. जो त्याच्या शेजारी विश्वासाने उभा असतो, त्याच्यावर.