दुसरी हाक

मथुराच्या घरात कोणी कुणाशी हळू बोलत नसे. भिलाईत मरोद्याला दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि त्यात नवरा-बायकोने नुसतं मीठ मागितलं तरी शेजारच्या विजयाला वाटे, आज पुन्हा जुंपली. जुंपली कसली! तिचा नवरा केवलराम ब्लूमिंग मिलमध्ये तापलेले पोलादाचे ठोकळे लाटायला होता, आणि त्याआधी तीन वर्षं कारखान्याच्या उंच सांगाड्यांवर चढून रिव्हेट ठोकत होता. "भाकर वाढू का?" असं मथुराने विचारलं, की तो दाराकडे बघून म्हणे, "भाऊ? कोनाचा भाऊ आला?" मथुरा पोट धरून हसे. केवलरामला मात्र हे कबूलच नव्हतं. त्याच्या मते बायकाच तोंडातल्या तोंडात बोलतात.

ते दिवसच तसे होते. सगळीकडे लाल धूळ, अर्धवट भिंती, आणि जो तो आपलं गाव मागे टाकून आलेला. संध्याकाळी खाटा बाहेर निघाल्या की कोणी भंडाऱ्याच्या धानाबद्दल बोले, कोणी वैनगंगेच्या वाळवंटातल्या टरबुजांबद्दल. केवलराम बोले तो तळ्याबद्दल. आणि तेव्हा हाच गडगडाटी माणूस इतका हळू बोले, की मथुराला पुढे सरकून ऐकावं लागे.

त्याचं तळं डोंगराच्या माथ्यावर होतं. रेल्वेतून उतरायचं, बैलगाडीने एक दिवस, मग चार कोस चढण. वर इतका गारवा, की चैतातही पहाटे गोधडी लागे. मधोमध बेट, आणि बेटावर ढिवरांची अठरा घरं. शिंगाडे, कमळाचे कांदे, मासोळी, यावर त्यांचं चाले. "आमी तळ्याच्या आधीचे," असं ते सांगत, आणि यावर कोणी हसलं तर त्यांना खरोखर राग येई.

त्या बेटावर असं उठून जाता येत नसे. काठावरच्या उंच गवतातून बेट दिसत नाही, बेटावरून काठ दिसत नाही. म्हणून काठावर उभं राहून आपल्या आईचं नाव घ्यायचं, "शेवंताचा आलोऽऽ!" बेटावरून घरचं माणूस ओ देई. ती ऐकली की दुसरी हाक मारायची, "येतोऽऽ!" मगच डोंगा सुटे. दुसरी हाक आली नाही तर कोणी वल्ह्याला हात लावत नसे. कारण मेलेलं माणूसही घरच्यांना हाक मारतं म्हणे, पण एकदाच. दुसरी हाक मारावी ती जित्या माणसानेच.

सत्तावन साली कारखान्यात भरती सुरू आहे असं ऐकून केवलराम निघाला, तेव्हा बाप जाऊन वर्ष झालं होतं. घरात डोंगा चालवणारा तोच. त्याची माय शेवंता भडकली. "जा! पन काठावर येऊन हाक मारशील तं ओ देनार नाई मी!"

आणि तिने शब्द पाळला, असं केवलराम सांगे. लग्न ठरलं तेव्हा तो विचारायला गेला होता. हाक मारली, दुपारपर्यंत उभा राहिला, ओ आली नाही. ललिता झाली तेव्हा पुन्हा गेला. पुन्हा तेच. "आता नाई जाऊन राहिलो मी," तो म्हणे. "मायले मी मेलो." मथुराला त्या न पाहिलेल्या सासूचा असा संताप येई, की काय सांगावं! नातीचंही तोंड पाहू नये म्हणजे काय बाईचं काळीज!

पासष्ट सालच्या हिवाळ्यात एका रविवारी तिघं मरोद्याच्या जलाशयावर फिरायला गेली. पाणी शांत होतं. पलीकडच्या काठावरून कोणी मासोळीवाला आपल्या सोबत्याला पुकारत होता. एकदा, दोनदा, चारदा.

"कोनाले बलावून राहिला तो?" मथुरा म्हणाली.

"कोन?" केवलराम म्हणाला.

"अजी, तो पलीकडचा! गळा फाडून ओरडून राहिला ना!"

"कोनी नाई ओरडत," केवलराम म्हणाला, आणि निवांत फुटाणे खाऊ लागला.

मथुराच्या हातातले फुटाणे हातातच राहिले. तिने त्याचा दंड धरला आणि त्याच्या कानाशी ओरडून विचारलं, "तुमी तळ्यावर गेले तवा दुसरी हाक मारली होती का?"

"ओच नाई आली तं दुसरी कशाले मारू?"

आठवड्याभरात तिने त्याला सुट्टी घ्यायला लावली. तो चिडला, जेवला नाही, पण निघाला.

चार कोसांची चढण मथुरा लेकीला कडेवर घेऊन चढली. वर पोचले तेव्हा सकाळचं धुकं उठत होतं. तळं त्याने सांगितलं होतं तसंच होतं. अगदी तसंच. केवलरामने हात तोंडाशी धरले.

"शेवंताचा आलोऽऽ!"

गवत सळसळलं. कितीतरी वेळ काही नाही. केवलरामने मान खाली घातली आणि पिशवी उचलली. तेवढ्यात पाण्यावरून बारीक, कापरा आवाज आला. ओऽऽ!

"ओ आली!" मथुरा किंचाळली. "अजी, ओ आली!"

केवलरामने तिच्याकडे कसंनुसं पाहिलं. "मले बरं वाटावं म्हनून खोटं नको बोलू वं."

आता याला कसं पटवावं! शपथा घालाव्या तर शपथाही ओरडूनच घालाव्या लागणार. पण कडेवरची ललिता तळ्याकडे बघत होती. तिने ऐकलं होतं, आणि ऐकलेलं सगळं म्हणून दाखवायचं तिचं वयच होतं. तिने तोंडाचा गोल केला. "ओऽऽ!" पुन्हा केला. "ओऽऽ!"

केवलराम लेकीच्या तोंडाकडे बघत राहिला. मग पिशवी टाकून तो पाण्यात गुडघ्यापर्यंत शिरला आणि अशी हाक मारली, की गवतातले बगळे उडाले.

"येतोऽऽ!"

डोंगा आला. वल्हं मारायला शेजारचा एक माणूस होता, पुढे म्हातारी बसली होती. केवलराम काठावर आला. म्हातारी डोंग्यातून उतरली ती त्याच्या तोंडाकडे न बघता खाली वाकली. तिने त्याची ओली पावलं दोन्ही हातांनी चाचपली. आधी बोटं, मग टाचा. बोटं पुढे होती, टाचा मागे होत्या. मग ती तिथेच चिखलात बसली.

"दोन्ही खेपेले ओ देली रे मी," ती रडत पुटपुटली. "तुयी दुसरी हाकच आली नाई. तू भट्टीत गेला समजले मी. तुया नावाचा दिवा सोडला पान्यात."

केवलराम तिचे हलणारे ओठ बघत होता. त्याने बायकोकडे वळून विचारलं, "काय म्हनते माय?"

मथुराने उभा संसार ओरडून केला होता, पण हे तिच्याने ओरडवेना. तिने सासूला हात देऊन उठवलं आणि म्हणाली, "माय, त्यायच्या कानाशी बोला. कारखान्यानं कान गेले त्यायचे."

म्हातारीने टाचा उंचावून लेकाच्या कानाला तोंड लावलं आणि म्हणाली, "ओ."