बुरशी लागलेला थेंब

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. काचेला मात्र हात लावू नका, बोटांचे ठसे पुसायला आता फारसे कुणी येत नाही. तुम्हाला एक कथा सांगतो. कथा संशयाची आहे, पण देवाच्या दयेने तिच्या पोटी एक औषध जन्माला येऊ घातले आहे. तेव्हा कान देऊन ऐका.

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मला घडवणारा कारागीर भारी संशयी. भिंग घासायचा, उजेडात धरायचा, कपाळाला आठ्या घालायचा आणि पुन्हा घासायला घ्यायचा. तीन भिंगे त्याने नापास केली, चौथे माझ्या डोळ्यात बसले. म्हणजे माझी दृष्टीच मुळी संशयातून आली म्हणा ना!

पुढे मी एका प्रयोगशाळेत आलो. तिथल्या थंड खोलीत माझी कायमची जागा होती. एक ताई तिथे काम करायच्या. लहान मुलांना तापाने फणफणवणाऱ्या एका विषाणूच्या मागे त्या हात धुऊन लागल्या होत्या. त्या विषाणूच्या अंगात एक प्रथिन असते आणि त्या प्रथिनाला एक खोबण. खोबणीचा नेमका आकार कळला, तर तीत घट्ट बसून विषाणूचे काम बंद पाडणारे औषध घडवता येते, सुतार खुंटी घडवतो तसे. लस करणाऱ्यांनाही असे आकार लागतात. शत्रूचा कोणता भाग शरीराला ओळखायला शिकवायचा, ते त्यावरून ठरते.

पण प्रथिन पडले इतके बारीक की माझ्यासारख्याला ते दिसायचे नाही. त्याचे लाखो कण शाळेतल्या मुलांसारखे रांगेत उभे राहिले, की त्यांचा स्फटिक बनतो. त्यावर क्ष-किरण सोडले, की आकार उलगडतो. म्हणून ताई तबकातल्या खळग्यांत प्रथिनाचे थेंब ठेवायच्या, वर काच बसवायच्या, कडेने वंगण लावून हवा बंद करायच्या आणि रोज माझ्या डोळ्यातून पाहायच्या.

एकदा स्फटिक दिसला. काय त्याचे तेज! प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "म्हाताऱ्या, जिंकलास!" म्हणाले. आणि क्ष-किरणांनी सांगितले की ते तर मीठ! सारी इमारत हसली. "ह्याच्या डोळ्यात मोतीबिंदू झालाय," असे म्हणून सरांनी मला कोपऱ्यात सरकवले आणि माझ्या जागी नवे कॅमेऱ्याचे यंत्र आले.

त्या दिवसापासून ताईंचा कशावरच विश्वास राहिला नाही. बाटलीवरची चिठ्ठी खरी असेल का? पाणी कुणी बदलले तर नाही? तबकांच्या कपाटाला कुलूप लागले. नव्या यंत्रावरही भरवसा नाही, म्हणून कोपऱ्यात येऊन पुन्हा माझ्यातून पाहायच्या. खोटे कशाला बोलू, मलाही प्रत्येक स्फटिक मिठाचा वाटू लागला होता.

शुद्ध प्रथिन शेवटच्या एका तबकापुरते उरले होते. ते वाया गेले तर वर्षभराची मेहनत पुन्हा पहिल्यापासून. आणि एका सकाळी त्यातल्या एका थेंबात बुरशीचा पांढरा धागा दिसला.

खोली पुसायला एक मावशी येत. कपाटाला कुलूप असले, तरी पुसण्यासाठी किल्ली त्यांच्याकडे असे. ताईंनी त्यांनाच गाठले.

"मावशी, खरं सांगा, तबक उघडलंत ना?"

"मी? कशाला? त्यात काय खाऊ ठेवलाय?"

"चेष्टा नको. बुरशी आपोआप आत शिरते का?"

"ते मला काय ठाऊक, बाई. उघडलं असतं तर तोंडावर सांगितलं असतं. बारा वर्षं पुसतेय मी ही खोली. एक टाचणी इकडची तिकडे झालीये का?"

सरांपर्यंत गोष्ट गेली. दुसऱ्या दिवसापासून मावशींची पाठवणी पलीकडच्या इमारतीत झाली. जाताना त्यांनी माझी काच पुसली. नेहमीसारखीच पुसली.

मित्रांनो, मी सगळे पाहिले होते, पण वस्तूला वाचा कुठली?

ताई तबक टाकून द्यायला निघाल्या आणि जाता जाता माझ्याखाली सरकवले. बुरशीच्या धाग्याशेजारी तीन बारीक स्फटिक चमकत होते. "मीठच असणार," ताई पुटपुटल्या. खात्री करायचा एकच झटपट उपाय होता, सुईने दाबून पाहायचे. मीठ कडक असते, टिचकन फुटते. प्रथिन मऊ. पण खरे असेल तर एक स्फटिक हकनाक जाणार! ताईंनी श्वास रोखून सुई टेकवली. ओल्या साबणासारखा तो दबला आणि भुगा झाला.

तरी त्यांचा संशय मिटेना. बाकी थेंबांत एकही स्फटिक नाही आणि हा नासका थेंबच कसा फळला? विचार करता करता ध्यानात आले. प्रथिनाला एक लोंबती शेपटी होती. तिच्यामुळे कण रांगेत उभे राहत नव्हते. बुरशीच्या रसाने ती कातरली होती! तसाच कातरणारा रस त्यांनी उरलेल्या थेंबांत अगदी मोजून घातला. चार दिवसांत स्फटिकच स्फटिक. क्ष-किरणांनीही साक्ष दिली आणि खोबण दिसली.

पण बुरशी आत आली कशी, ते लिहायला ताईंनी वही उघडली. त्यांच्याच अक्षरात नोंद होती: 'थेंब आटला असा संशय आला. काच उचलून पाहिली.' नवे वंगण लावल्याची नोंद मात्र कुठेच नव्हती.

ताईंनी वही मिटली. मग उठून पलीकडच्या इमारतीत गेल्या आणि मावशींना हाताला धरून घेऊन आल्या.

"चूक माझी होती, मावशी. आळ तुमच्यावर घेतला. बघा तरी, काय सापडलंय ते."

मावशींनी डोळा लावला. "एवढंसं? ह्याने पोरांचा ताप जाईल?"

"लगेच नाही. औषध घडवायचं, तपासायचं, वर्षं लागतील. पण वाट सापडली. सरांशी बोललेय मी, उद्यापासून इथेच या."

"पोरी, राग नाही माझा," मावशी म्हणाल्या. "पण तिथली माणसं माझ्यासमोर कपाटाला कुलूप लावत नाहीत. मी तिथेच बरी."

आणि त्या गेल्या.

म्हणून सांगतो मित्रांनो, थेंबावर, यंत्रावर, माझ्यावरसुद्धा खुशाल संशय घ्या, शास्त्र त्यावरच चालते. माणसावर घेण्याआधी मात्र आपली वही उघडून पाहा. आणि उद्या ते औषध आले आणि एखाद्या मुलाचा ताप उतरला, तर ताईंचे नाव छापून येईलच. तुम्ही त्या मावशींची आठवण ठेवा.