एकवीस वर्षांखालचे परवानेधारक

थोरली पोलीस मुख्यालयात बंदुकांच्या परवान्यांच्या शाखेत कारकून होती, धाकटी वर्तमानपत्रात बातमीदार. घरी आल्यागेल्याला वडील धाकटीच्या बातम्या कौतुकाने वाचून दाखवायचे. थोरलीने एकोणीस वर्षं फायली सांभाळल्या होत्या, पण फायली कुणाला वाचून दाखवणार?

एका सोमवारी टपालात माहितीचा अर्ज आला. एकवीस वर्षांखालच्या किती जणांकडे नेमबाजीच्या सरावासाठी बंदुकीचा परवाना आहे, आणि त्यांतल्या किती जणांवर नंतर गुन्हा दाखल झाला? खाली धाकटीची सही. थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. आता माझ्याच टेबलावरून हिची बातमी जाणार!

अर्जदार सख्खी बहीण आहे, हे साहेबांना सांगायला हवं होतं. ते न सांगता ती म्हणाली, "साहेब, परवाने एका रजिस्टरात, गुन्हे दुसऱ्यात. एकत्र माहिती आपल्याकडे नाही. नकार कळवू?"

"कळवा," साहेब मान वर न करता म्हणाले.

रविवारी जेवताना धाकटी म्हणाली, "ताई, तुमच्या ऑफिसने मला नकार देऊन वाटेला लावलं. दोन रजिस्टरं जुळवायला असे किती दिवस लागतात गं?"

"करून बघ म्हणजे कळेल."

"ती सोडायची नाही," वडील हसून म्हणाले. "वाघीण आहे आमची."

थोरली अर्ध्या जेवणावरून उठली.

दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही रजिस्टरं काढली. हे काम होत नाही, एवढंच तिला धाकटीच्या तोंडावर सांगायचं होतं. पण ते होत गेलं. चार दिवसांत चारशे अकरा नावं तपासून झाली. सहा जणांवर गुन्हे होते. पाच किरकोळ. सहावा एकोणीस वर्षांचा. त्याने आईवर बंदूक रोखली होती. परवाना मात्र अजून चालू, म्हणजे बंदूक त्याच घरात.

तिने त्याची फाईल उघडली. परवाना रद्द करा, असं ठाण्याचं पत्र सात महिन्यांपूर्वीच आलं होतं. कोपऱ्यात तिचीच आद्याक्षरं. न वाचताच तिने ते फायलीला लावलं होतं.

फाईल घेऊन ती साहेबांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं, अर्जदार बहीण असल्याचंही. त्याच दुपारी बंदूक जप्त झाली. थोरलीला कारणे दाखवा नोटीस मिळाली, आणि धाकटीला दुसऱ्या कारकुनाच्या सहीने पूर्ण उत्तर गेलं.

बातमी पहिल्या पानावर आली. वडील मोठ्याने वाचत होते, "'पत्र सात महिने पडून.' कुठल्या गाढवाचं काम हे?"

"माझं," थोरली म्हणाली. "आणि शोधून काढलं तेही मीच."

वडिलांनी चष्मा काढला.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. "ताई, बाबांनी सांगितलं. शपथ, तू आहेस हे ठाऊक असतं तर छापलं नसतं गं."

"छापलं असतंस."

धाकटी म्हणाली, "हो. छापलं असतं."

थोरलीने फोन ठेवला. सख्ख्या बहिणीसाठीही बातमी न दाबणाऱ्या धाकटीचा तिला इतका हेवा आजवर कधीच वाटला नव्हता.