कोरडे स्फटिक

"हा डॅरेल क्विस्ट कोण?" प्रोफेसर फेल्प्सनी प्रयोगशाळेच्या दारातूनच विचारलं. "मेडिकलच्या अर्जासाठी माझं शिफारसपत्र हवंय त्याला. मला चेहराही आठवत नाही."

"वर्गात चारशेजण, सर. कसा आठवणार?" हातातली काचनळी खाली न ठेवता व्हर्ना स्टोल्प म्हणाली. "माझ्याकडे मंगळवारच्या तुकडीत होता."

"मग तुम्हीच लिहा की दोन परिच्छेद. नेहमीसारखे. मी सही करतो."

व्हर्ना सव्वीस वर्षं विद्यापीठाची ऑरगॅनिक केमिस्ट्रीची प्रयोगशाळा सांभाळत होती. दर सहामाहीला अकराशे विद्यार्थी येत; त्यांतले निम्म्याहून अधिक डॉक्टर व्हायला निघालेले. मेडिकल कॉलेजांना पत्र प्राध्यापकाचं लागे, प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बाईचं चालत नसे. आपल्याबद्दलचं पत्र वाचण्याचा हक्क विद्यार्थी अर्जातच सोडून देत, कारण न सोडल्यास पत्रावर कोणी विश्वास ठेवत नसे. व्हर्नाला या पद्धतीत मोजमापाचा एकच दोष दिसे: ज्याने पाहिलं त्याची सही नसे आणि ज्याची सही असे त्याने पाहिलेलं नसे.

डॅरेल तिला आठवत होता तो एका आकड्यामुळे. मागच्या वर्षी स्फटिक शुद्ध करण्याच्या प्रयोगात त्याचा पदार्थ मूळ वजनाच्या एकशे नऊ टक्के भरला. म्हणजे स्फटिक ओले होते. त्या आठवड्यात जवळजवळ दोनशे वह्यांमध्ये ब्याऐंशी टक्के हाच आकडा होता. निसर्ग इतक्या एकमताने वागत नाही. डॅरेलने एकशे नऊ खोडला नाही. खाली लिहिलं, 'अशक्य. वाळवून पुन्हा वजन करणे.'

त्यासाठी तो शनिवारी आला, ऐन सामन्याच्या दिवशी. सगळं गाव स्टेडियमवर होतं आणि ओरडा खिडक्यांच्या काचांपर्यंत पोचत होता.

"अरे, मॅच सोडून आलास?" कुलूप काढत व्हर्नाने विचारलं होतं.

"तिकीट रूममेटला दिलं, मॅडम. तो म्हणाला, ब्याऐंशी लिही आणि चल, वेड्या."

"मग?"

"मला खरंच माहीत नाही ना, किती आहे ते."

एकसष्ट टक्के भरले. त्याने तेवढेच लिहिले, आणि नियमाप्रमाणे गुणही तेवढ्याचेच मिळाले.

व्हर्नाने पत्रात हेच लिहिलं. दुसऱ्या दिवशी फेल्प्स कागद घेऊन परत आले.

"एकसष्ट टक्के? व्हर्ना, हे शिफारसपत्र आहे की तक्रार? आधीच त्याला माझ्या विषयात 'बी' श्रेणी आहे. इथे 'मेहनती, बुद्धिमान, मनमिळाऊ' असं काहीतरी घाला."

"ते तीनशेजणांना घातलंय, सर. मीच घातलंय."

"समितीला हे आवडलं नाही, तर त्याचं वर्ष जाईल. तुमचं नाही."

हे खरं होतं.

"तुमच्या नातीच्या रक्ताच्या तपासणीत अशक्य आकडा आला," व्हर्ना म्हणाली, "तर बरा दिसेल असा आकडा लिहिणारा डॉक्टर हवा तुम्हाला, की पुन्हा तपासणारा?"

"नातीला कशाला मध्ये आणता?" फेल्प्स पुटपुटले. पण खिशातून पेन काढून त्यांनी उभ्याउभ्याच सही केली.

पुढच्या डिसेंबरात डॅरेल शेवटच्या लॅबचं सामान परत करायला आला. काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, वर लाल फीत.

"फेल्प्स सर आहेत का, मॅडम? आईने त्यांच्यासाठी पाठवलाय."

"खोली तीनशे एकोणीस. मिळाली का जागा?"

"मिळाली! गुरुवारी फोन आला." मग तो घुटमळला. "मुलाखतीत त्यांनी ओल्या स्फटिकांचंच विचारलं. वीस मिनिटं. म्हणाले, तुमच्या प्रोफेसरांनी लिहिलंय. मला वाटायचं, सरांना माझं नावही ठाऊक नसेल. तुम्ही सांगितलं होतंत त्यांना?"

पत्र गोपनीय होतं. ते वाचण्याचा हक्क त्याने स्वतः सोडून दिला होता.

"विषय निघाला होता एकदा," व्हर्ना म्हणाली. "खण उघड तुझा."

तिने यादीप्रमाणे सामान तपासलं. चंचुपात्रं, नरसाळं, तापमापी. शेवटचा चंबू उजेडाकडे धरून तिने तळाशी पाहिलं. थेंबही नव्हता.

"कोरडा आहे," ती म्हणाली. "जा. सर चारला निघतात."

तो डबा सांभाळत घाईने गेला. व्हर्नाने यादी पुढे ओढली. तपासणाऱ्याच्या सहीच्या जागी ती नेहमी नुसती आद्याक्षरं टाकी. या वेळी तिने नाव पूर्ण लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत कागद मिटला नाही.