बोटं दिसली पाहिजेत

थोरलीने डीव्हीडी कडेने धरून खिडकीच्या उजेडात तिरकी केली. चकचकीत थर एका बाजूने सुटायला लागला होता. तिथून सुईच्या टोकाएवढा उजेड आरपार येत होता. मऊ सुती फडक्याने तिने ती मधून बाहेर अशी हलक्या हाताने पुसली, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि लॅपटॉपच्या कप्प्यात ठेवली. आत काहीतरी घासलं, थांबलं, पुन्हा घासायला लागलं.

"परत लावलीस?" धाकटा भाऊ दारातून म्हणाला. "ताई, अगं काल मी उतरवून दिली ना! चहा होईस्तोवर झाली होती."

"काय उतरवलंयस ते बघ तरी."

तिने कालची प्रत टीव्हीवर लावली. आई खुर्चीत बसली होती. मागची भिंत, कपाळावरची आठी, सगळं जागच्या जागी. मग आईने हात उचलले, आणि हातांच्या जागी नुसते करडे चौकोन थरथरले. हात मांडीवर विसावले की हात. उचलले की चौकोन.

धाकट्याने डोकं खाजवलं. "भरभर उतरवलं की हलणारं पुसट होतं. भिंत बघ की, कशी लख्ख आलीय."

"बाबांना भिंतीशी गप्पा मारायच्यात का?"

तो ओशाळून हसला. आईबाबा दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. या घरातली भांडणं, लाड, टोमणे सगळं हातांनीच झालेलं. आई गेली, आणि तिचं बोलणं उरलं ते या एका डीव्हीडीत. आजारपणात खुर्चीत बसून तिने बाबांसाठी करून ठेवलेलं. प्लेअरवर ती आता चालतच नव्हती. जशीच्या तशी लॅपटॉपवर घ्यायला गेलं की खराब जागेवर अडून बसायची. नव्याने फाइल बनवत नेलं, तर तेवढी जागा सोडून कशीबशी पुढे सरकायची.

"सगळ्यात सावकाशवालं लावलंयस?" धाकटा स्क्रीनवर वाकला. "संध्याकाळ होईल गं. तोवर फिरतच राहणार ती. मध्येच राम म्हटला तिने तर?"

"असं बोलू नये."

"मग मधलं काहीतरी निवड."

"मधल्यात हात येतात, बोटं येत नाहीत. 'थांब' आणि 'नको', दोन्हीला आईचा हात सारखाच उठायचा. फरक बोटांचा."

"आणि बाबांना संध्याकाळी दिसतं कुठे?"

तिने फडक्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. बाबांच्या डोळ्यांची नस सुकत चाललीय, डॉक्टर म्हणाले होते. गेलेलं परत यायचं नाही, उरलेलं किती टिकेल सांगता यायचं नाही. कान नसलेल्या माणसाचे डोळेही गेले, तर त्याच्यापर्यंत पोचायचं कुठून? हे तिने कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. देवापुढेसुद्धा ती हात जोडून नुसती उभी राहायची.

बाबा भिंतीला हात लावत आले. "झालं?" त्यांनी हातांनी विचारलं.

"थोडं थांबा," तिने हातांनी सांगितलं.

त्यांनी डोळे बारीक करून तिच्या बोटांकडे पाहिलं. "उजेड आहे तोवर कर," म्हणाले, आणि टीव्हीजवळ खुर्ची ओढून बसले.

दुपार सरकली. स्क्रीनवरचा टक्क्यांचा आकडा निम्म्यावर येऊन थांबला. आतून खरखर, मग टकटक, मग काहीच नाही.

"बंद कर, ताई. केवढा तापलाय बघ."

तिने बंद केला नाही. खिडकीतलं ऊन भिंतीवर वर चढत होतं आणि तिचे ओठ हलत होते. डीव्हीडी पुन्हा घासायला लागली ते आधी धाकट्याला ऐकू आलं.

काम संपलं तेव्हा ऊन चौकटीपुरतंच उरलं होतं. धाकट्याने पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. आईने हात उचलले. एकेक बोट वेगळं, करंगळीचं वाकडं पेरसुद्धा.

"मानलं तुला," धाकटा म्हणाला.

बाबा पुढे वाकले होते. आई बोलत होती, ते मान डोलवत होते, मधूनच हसत होते.

"बघ, कळतंय त्यांना सगळं."

थोरलीचे खांदे सैल झाले. टीव्हीतली आई, 'माझी शाल त्या उंच कपाटात नका कोंबू,' म्हणून बजावत होती. मग ती थांबली, पाणी प्यायला उठली आणि चित्राबाहेर गेली. खुर्ची रिकामी राहिली.

बाबा मान डोलवतच होते. रिकाम्या खुर्चीकडे बघून हसले आणि हातांनी म्हणाले, "अगदी खरं."

"ताई..." धाकटा एवढंच म्हणाला.

तिने चित्र मागे घेतलं, आई बोलत होती तिथवर. बाबांच्या खुर्चीला खुर्ची भिडवून बसली आणि त्यांचे दोन्ही हात उचलून आपल्या हातांवर ठेवले. चोरी पकडली गेल्यासारखे बाबा दचकले. हात गार होते. त्यांनी ते ओढून घ्यायला पाहिलं. तिने सोडले नाहीत. नजर टीव्हीवर ठेवून, आईचं बोट उठलं तसं तिने आपलं बोट उठवलं.

बाबांचे हात बराच वेळ नुसते जड होऊन राहिले. मग त्यांनी तिचा अंगठा चाचपला, आईचा वळायचा तसा जरासा बाहेर वळवून दिला, आणि डोळे मिटून घेतले.